ऑफ-सीझनमध्ये फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत दोघांनीच गाडी घेऊन फिरायचंय? मग हे आधी वाचा

मागच्या नोव्हेंबरच्या शेवटी मी आणि नवरा, दोघंच, बारा दिवस फ्रान्सच्या नैऋत्य भागात भाड्याची गाडी घेऊन फिरलो. दोर्दोन्य आणि लोत या दोन नद्यांची खोरी, दगडी घरांची गावं, अक्रोडाच्या बागा, सकाळी दहापर्यंत न हटणारं धुकं. पॅरिस फक्त विमान उतरायला पाहिलं. परत आल्यापासून ओळखीतले पाच-सहा जण तरी विचारून गेले की कसं केलं, काय कागद लागले, शाकाहारी माणसाचं जेवायचं काय, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून काढतेय. आम्ही जिथे अडलो तिथे तुम्ही अडू नये एवढीच इच्छा.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर काय बघायचं याची यादी घेऊन निघालं तरी चालतं. नोव्हेंबर-डिसेंबर किंवा फेब्रुवारीत आधी वार आणि घड्याळ बघायचं, मग ठिकाण ठरवायचं. आज सोमवार आहे का, साडेबारा वाजायला आलेत का, अंधार किती वाजता पडतो, हे ज्याला पाठ आहे त्याची ट्रिप छान होते.

१. महिना आणि भाग ठरवा

ऑफ-सीझन म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, पण त्यातही सुट्ट्या असतात. ऑक्टोबरच्या शेवटी दोन आठवडे शाळांना सुट्टी असते, १ आणि ११ नोव्हेंबर सरकारी सुट्टी, मग ख्रिसमस, मग फेब्रुवारीत पुन्हा शाळांच्या सुट्ट्या, त्या तीन झोनमध्ये वेगवेगळ्या आठवड्यांत. मधले आठवडे निवडा. ११ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर हा काळ आम्हाला उत्तम वाटला, थंडी असते पण या भागात बर्फाचा त्रास सहसा नाही.

उजेडाचा हिशोब मात्र आधीच करून ठेवा. नोव्हेंबरअखेर तिथे सकाळी सव्वाआठच्या सुमारास उजाडतं आणि संध्याकाळी सव्वापाचला अंधार. म्हणजे हातात जेमतेम नऊ तास, त्यात धुक्याचे दोन गेले. दिवसाला दीड-दोन तासांपेक्षा जास्त ड्रायव्हिंग ठेवू नका आणि मुक्काम सारखे बदलू नका. आम्ही दोनच घरं घेतली, पाच रात्री सार्लाजवळ आणि पाच रात्री रोकामादूरच्या पुढे एका खेड्यात, बाकी दोन रात्री येण्या-जाण्याच्या शहरांत.

डोंगराळ भाग, म्हणजे आल्प्स, पिरेनीज किंवा ओव्हेर्न्य, पहिल्याच ट्रिपला हिवाळ्यात घेऊ नका असं मी स्पष्ट सांगेन. १ नोव्हेंबर ते ३१ मार्च तिथल्या बऱ्याच गावांच्या हद्दीत विंटर टायर किंवा चेन सक्तीची आहे, आणि घाट बंद असतात. ओव्हेर्न्यमधल्या कांताल जिल्ह्यातला पा द पेरॉल हा १५८९ मीटरवरचा घाट हिवाळाभर बंद असतो. घाटाच्या पायथ्याशी बोर्ड असतो, ‘उव्हेर’ म्हणजे उघडा, ‘फेर्मे’ म्हणजे बंद, फोनवरच्या मॅपपेक्षा त्या बोर्डावर विश्वास ठेवा.

२. व्हिसा

शेंगेन शॉर्ट-स्टे व्हिसा, म्हणजे फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा थोड्या दिवसांचा व्हिसा. फ्रान्स-व्हिसाज या सरकारी साइटवर फॉर्म भरायचा आणि मग व्हीएफएसच्या, म्हणजे व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या, सेंटरवर अपॉइंटमेंट, मुंबईलाही आहे आणि पुण्यातही. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी, पण १५ दिवसांवर विसंबू नका, अडीच-तीन महिने आधी करून मोकळे व्हा. फी मोठ्या माणसाला ९० युरो, वर सेंटरचा सर्व्हिस चार्ज.

कागद:

- पासपोर्ट: दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने व्हॅलिड, दोन पानं कोरी
- ३५ बाय ४५ मिमीचे फोटो
- जाण्यायेण्याचं विमानाचं बुकिंग
- प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचं बुकिंग, एकही रात्र मोकळी नको
- कमीत कमी ३०,००० युरो कव्हरचा ट्रॅव्हल इन्शुरन्स
- तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा, आयटी रिटर्न
- ऑफिसचं रजेचं पत्र, धंदा असेल तर त्याची रजिस्ट्रेशनची कागदपत्रं
- मॅरेज सर्टिफिकेट
- दिवसवार प्लॅन आणि एक साधं कव्हरिंग लेटर

मॅरेज सर्टिफिकेटचं मुद्दाम लिहितेय. माझा पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे, आपल्याकडे अशा बऱ्याच जणी आहेत. एकाच्या खात्यातून दोघांचा खर्च दाखवणार असाल तर नातं कागदावर दिसलं पाहिजे. सर्टिफिकेट फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून जोडा.

दुसरी अडचण रोड ट्रिपवाल्यांचीच. प्लॅनमध्ये ‘गाडीने फिरणार’ असं मोघम लिहू नका. गाडीचं फ्री कॅन्सलेशनवालं बुकिंग जोडा, कुठून घेणार कुठे सोडणार ते लिहा. आम्ही एक साधा तक्ता केला, तारीख, सकाळचं गाव, रात्रीचं गाव, मधलं अंतर, बस्स. बुकिंगं आणि तक्त्यातल्या तारखा एकमेकींशी जुळतायत ना हे दोघांनी वेगवेगळं तपासा.

३. आरटीओचं इंटरनॅशनल परमिट

आपलं लायसन्स आणि सोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, दोन्ही लागतं, नुसतं परमिट चालत नाही. परिवहनच्या सारथी पोर्टलवर अर्ज होतो, फॉर्म ४ए, फी १००० रुपये, परमिट एक वर्ष चालतं. पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटाची कॉपी मागतात, म्हणून व्हिसा हातात आला की दुसऱ्याच दिवशी हे करा. मेडिकलचा फॉर्म १ए पण लागतो, त्यावर डॉक्टरची सही.

दोघांनीही काढा, भले एकच जण चालवणार असेल. परक्या गावात एकाला ताप आला की गाडी तिथेच उभी राहते.

४. गाडीचं बुकिंग

तिकडे साध्या गाड्या मॅन्युअल. ऑटोमॅटिक हवी तर वेगळी निवडावी लागते आणि महाग पडते, तरी पहिल्यांदा उजव्या बाजूने चालवणार असाल तर ऑटोमॅटिकच घ्या. उजव्या हाताने गिअर, उलटा रस्ता आणि अनोळखी बोर्ड या तिन्ही गोष्टी एकदम अंगावर घ्यायची गरज नाही. आकाराने छोटी घ्या. जुन्या गावांतल्या गल्ल्या बैलगाडीच्या मापाच्या आहेत.

पॅरिसच्या एअरपोर्टवरून गाडी घेऊ नका. मुंबईहून नऊ-दहा तासांचं विमान, झोप नाही, आणि बाहेर पडल्या पडल्या रिंग रोडचं ट्रॅफिक, हे धोक्याचं आहे. आम्ही मोंपारनास स्टेशनवरून रेल्वेने बोर्दोला गेलो, दोन तासांच्या आसपास लागतात, रात्रभर झोपलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला गाडी घेतली. परत तुलुझला सोडली. दुसऱ्या शहरात सोडायचा वेगळा चार्ज लागतो का ते बुकिंगच्या वेळीच बघा. आणि छोट्या गावातलं भाड्याच्या गाडीचं ऑफिस दुपारी बारा ते दोन बंद, रविवारी तर बहुतेक बंदच, म्हणून गाडी घेणं आणि सोडणं मोठ्या शहरात आणि सकाळच्या वेळी ठेवा.

काउंटरवरच्या तीन गोष्टी:

क्रेडिट कार्ड मुख्य ड्रायव्हरच्याच नावाचं हवं, प्रत्यक्ष प्लास्टिकचं, पिन माहीत असलेलं. डिपॉझिट त्यावर ब्लॉक होतं. डेबिट किंवा फॉरेक्स कार्डावर बऱ्याच ठिकाणी गाडी देतच नाहीत. आमच्या पुढे एक जोडपं याच कारणावरून अर्धा तास हुज्जत घालत होतं आणि शेवटी गाडी न घेता गेलं. इंटरनॅशनल वापर आणि लिमिट भारतातूनच चालू करून निघा.

इन्शुरन्समध्ये ‘फ्रांशीज’ हा शब्द दिसला तर तो म्हणजे नुकसान झाल्यावर आपल्या खिशातून जाणारी रक्कम. ती हजार-दीड हजार युरोसुद्धा असू शकते. ती कव्हर करणारी वेगळी पॉलिसी आधीच ऑनलाइन घेतली तर काउंटरपेक्षा खूप स्वस्त पडते.

गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंचा, चाकांच्या रिमचा आणि काचेचा व्हिडिओ काढा. आमच्या गाडीच्या मागच्या रिमला एक ओरखडा होता जो कागदावर नव्हता, तो लिहून घेतला. पिवळं जॅकेट आणि त्रिकोण गाडीत असणं कायद्याने सक्तीचं आहे. जॅकेट डिकीत ठेवू नका, आत हाताशी ठेवा, कारण गाडीतून उतरायच्या आधी घालायचं असतं. दोघांसाठी दोन मागून घ्या.

५. घर बघताना हीटिंग बघा

खेड्यात हॉटेलपेक्षा ‘झीत’ घ्या, म्हणजे स्वयंपाकघरासकट अख्खं घर. घरमालकाच्या घरात खोली आणि सकाळचा नाश्ता हवा असेल तर ‘शांब्र द’ओत’. ऑफ-सीझनला भाडी खूप उतरतात, पण भाड्याच्या आकड्यावर जाऊ नका. बुकिंगच्या पानावर तळाला बारीक अक्षरात चार गोष्टी असतात: शोफाज म्हणजे हीटिंग, द्रा म्हणजे चादरी, मेनाज म्हणजे साफसफाई आणि ताक्स द सेजूर म्हणजे मुक्कामाचा कर. हीटिंग बऱ्याच घरांत भाड्यात धरलेलं नसतं, विजेचा मीटर आपण पोचल्यावर वाचतात आणि निघताना वाचतात, फरकाचे पैसे आपण द्यायचे.

आमच्या पहिल्या घरी हे झालं. जाड दगडी भिंती, फोटोत अतिशय सुंदर, आणि आम्ही पोचलो तेव्हा आत बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी, कारण महिनाभर घर बंद होतं. पाच दिवस हीटर अखंड चालू ठेवला आणि निघताना सत्तरेक युरो वेगळे मोजले. घरमालकाची चूक नव्हती, अटींत लिहिलेलं होतं, आम्ही वाचलं नव्हतं. म्हणून बुकिंगच्या आधी मेसेज करून सरळ विचारा: हीटिंग भाड्यात आहे का, नसेल तर दिवसाला साधारण किती येतं, आणि आम्ही पोचायच्या आदल्या दिवशी चालू करून ठेवाल का. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. लाकडाची शेगडी असेल तर पहिल्या दिवसाची लाकडं आहेत का तेही विचारा.

पोचायची वेळ सहसा चार-पाचनंतरची असते. खेड्यात अंधारात घर शोधणं अवघड, रस्त्यावर दिवे नसतात, काही घरांवर नंबरही दिसत नाहीत, म्हणून पहिल्या दिवशी उजेडात पोचा आणि चावी कुठल्या पेटीत आहे त्याचा फोटो मागवून ठेवा.

६. बॅगेत काय

दुधाचे पदार्थ आणि मांस युरोपियन युनियनच्या बाहेरून न्यायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, चक्का घरीच. ताजा कढीपत्ता, मिरच्याही नको, ताज्या भाजी-फळांना सर्टिफिकेट लागतं. भाजलेला रवा, पोहे, मेतकूट, गोडा मसाला, सुकी चटणी, डाळ-तांदूळ थोडे, हे आम्ही नेलं आणि दोन संध्याकाळी त्यावरच निघाल्या. वॉटरप्रूफ बूट न्या, अक्रोडाच्या बागांतला चिखल साधा नाही. टॉर्च न्या. फोनचं ई-सिम घ्या पण दऱ्यांत रेंज जाते, म्हणून मॅप ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा.

७. पहिला दिवस स्टिअरिंगवर

आता मुख्य भाग. भीती वाटते, आम्हालाही वाटली, पण दोघांनी काम वाटून घेतलं तर दोन तासांत हात बसतो.

साधा नियम: ड्रायव्हर नेहमी रस्त्याच्या मधल्या रेषेच्या बाजूला. भारतातही तसंच आणि तिथेही तसंच, फक्त बाजू बदलली. गाडी उजवीकडच्या कडेला घासत जायची सवय पहिल्या दिवशी सगळ्यांनाच असते, कारण डावीकडे बसून उरलेल्या गाडीचा अंदाज येत नाही, म्हणून शेजारच्याने सांगत राहायचं. मी प्रत्येक वळणाला मोठ्याने बोलायचे, उजवं वळण असेल तर ‘छोटं’, डावं असेल तर ‘लांबचं’. डावीकडे वळताना समोरचा रस्ता ओलांडून पलीकडच्या उजव्या लेनमध्ये जायचं असतं आणि नेमका तिथेच माणूस सवयीने चुकतो. रिकाम्या रस्त्यावर तर जास्तच, कारण समोर गाडी नसली की आठवण करून द्यायला कोणी नाही. ऑफ-सीझनला रस्ते रिकामेच असतात. पेट्रोल भरून किंवा फोटो काढून पुन्हा निघताना दर वेळी ‘उजवीकडे’ असं दोघांनी म्हणायचंच.

आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत इंडिकेटर उजव्या हाताला असतो, तिकडे डाव्या. पार्किंगमध्ये पाच मिनिटं बसून हात बसवून घ्या.

बोर्ड:

- गावाच्या नावाची लाल काठाची पांढरी पाटी आली की स्पीड ५०, वेगळा आकडा लिहिलेला नसला तरी. त्याच नावावर तिरकी लाल रेघ आली की गाव संपलं.
- गावाबाहेर साध्या दुपदरी रस्त्यावर ८०, काही जिल्ह्यांत ९०. मध्ये डिव्हायडर असलेल्या मोठ्या रस्त्यावर ११०, मोटरवेवर १३०. पाऊस असेल तर मोटरवेवर ११० आणि डिव्हायडरवाल्यावर १००. धुक्यात पन्नास मीटरच्या पलीकडचं दिसत नसेल तर सगळीकडे ५०.
- पिवळा हिऱ्याच्या आकाराचा बोर्ड म्हणजे तुमच्या रस्त्याला प्राधान्य. त्यावर काळी रेघ म्हणजे प्राधान्य संपलं.
- ‘तूत दिरेक्स्यों’ म्हणजे सगळीकडे जाणारा रस्ता, ‘ओत्र दिरेक्स्यों’ म्हणजे बोर्डावर नाव नसलेल्या बाकीच्या गावांना जाणारा. मॅप गोंधळला की यांच्या मागे जा, गावाबाहेर नीट काढतात.

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे ‘प्रियोरिते आ द्रुआत’, उजवीकडून येणाऱ्याला प्राधान्य. बोर्ड नसलेल्या चौकात उजवीकडच्या गल्लीतून येणारी गाडी न थांबता तुमच्या समोर येते आणि कायद्याने ती बरोबर असते. दुसऱ्याच दिवशी एका गावात एका आजोबांची छोटी पांढरी गाडी अशी बाहेर आली, इकडे बघितलंही नाही, नवऱ्याने कचकन ब्रेक मारला म्हणून वाचलो. त्यानंतर गावात शिरलं की शक्यतो चाळीसच्या वर गेलो नाही. राउंडअबाउटमध्ये मात्र आत फिरणाऱ्याला प्राधान्य आणि गाड्या डावीकडून येतात, डावीकडे बघून आत शिरा.

हॉर्न वाजवू नका, धोका असेल तेव्हाच वाजवायचा असतो. लाल सिग्नलला उजवीकडे वळायला परवानगी नाही, तसा वेगळा बाण असेल तरच. दारूची मर्यादा रक्ताच्या लिटरमागे ०.५ ग्रॅम, सोपं म्हणजे चालवणाऱ्याने वाइन घरी पोचल्यावर घ्यावी. आणि अंधार पडल्यावर जंगलाच्या रस्त्यांवर हरणं आणि रानडुकरं येतात, साडेपाचच्या आत घरी असणं हा आमचा नियम होता.

८. इंधन आणि टोल

‘गाझोल’ वाचून पेट्रोल वाटतं, ते डिझेल आहे. पेट्रोल म्हणजे एसपी ९५-ई१० किंवा एसपी ९८. ई८५ साध्या गाडीत घालायचं नाही. गाडीच्या झाकणावर खूण असते, गोलातलं अक्षर पेट्रोलचं, चौकोनातलं डिझेलचं, तीच खूण पंपावर जुळवा. सुपरमार्केटच्या पंपावर स्वस्त मिळतं, रविवारी आणि रात्री ते नुसते कार्डावर चालतात, पिनवालं कार्ड लागतं आणि आधी मोठी रक्कम ब्लॉक करून नंतर सोडतात. टाकी अर्ध्यावर आली की भरा.

टोलनाक्यावर हिरव्या बाणाची किंवा कार्डाचं चित्र असलेली लेन घ्या. नुसता नारिंगी ‘टी’ असलेली लेन टॅगवाल्यांची. पण खरं सांगायचं तर मोटरवे कमीत कमी घ्या. व्हिएरझोंपासून ब्रिव्हपर्यंतचा ए२० फुकट आहे, बाकी ‘डी’ नंबरचे छोटे रस्ते हीच या ट्रिपची मजा.

९. पोटाची वेळ

इथे आम्ही सगळ्यात जास्त चुकलो, म्हणून नीट वाचा.

दुपारचं जेवण बारा ते दीड. पावणेदोनला गेलात तर स्वयंपाकघर बंद झालेलं असतं आणि कितीही विनंती केली तरी मिळत नाही. रात्रीचं सात-साडेसातला सुरू. मधल्या वेळात कॉफी मिळेल, जेवण नाही. दुकानं दुपारी साडेबारा ते दोन-अडीच बंद. रविवारी दुपारनंतर खेड्यात जवळजवळ सगळं बंद, सोमवारी अर्धं बंद, आणि ऑफ-सीझनला कितीतरी रेस्टॉरंट महिनाभर ‘वार्षिक सुट्टी’ची पाटी लावून बंद. ऑनलाइन मॅपवर ‘ओपन’ दिसतं, तिथे गेल्यावर कुलूप. फोन करून विचारा: ‘बोंझूर, व्हू झेत उव्हेर स स्वार?’ म्हणजे आज संध्याकाळी उघडं आहे का. बोंझूर आधी, बाकी नंतर. दुकानात, बेकरीत, कुठेही शिरताना बोंझूर न म्हणता सरळ काम सांगितलं तर ते उद्धट वाटतं, आणि म्हटलं तर माणसं मोडक्या भाषेतही मदत करतात.

दुसऱ्या घरी आम्ही रविवारी दुपारी साडेतीनला पोचलो. वाटेतलं सुपरमार्केट साडेबारालाच बंद झालेलं, गावातली दोन्ही रेस्टॉरंट बंद, बेकरीचं शटर खाली. घरमालकीण बाईंना ते आमच्या चेहऱ्यावरच दिसलं असावं. शेगडी पेटवून झाल्यावर त्या घरी गेल्या आणि कापडात गुंडाळलेला अर्धा ब्रेड, चार बटाटे, तीन छोटी चपटी चीजं आणि परडीभर अक्रोड घेऊन आल्या. चीज रोकामादूरचंच, बकरीच्या दुधाचं, एक जेमतेम ३५ ग्रॅमचं. बटाटे उकडून गोडा मसाला आणि मीठ लावलं, चीज शेगडीजवळ ब्रेडवर ठेवलं तर कडेने वितळायला लागलं, आणि नवरा शेगडीच्या दगडी उंबऱ्यावर एकेक अक्रोड फोडत बसला होता. ओला वास असतो ताज्या अक्रोडाला, आपल्याकडे पाकिटातल्यांना नसतो. बारा दिवसांतलं ते जेवण मला सगळ्यात जास्त आठवतं. पण तुम्ही शनिवारीच सोमवारपर्यंतचं सामान भरून ठेवा. काही गावांत पिझ्झाचं आणि ब्रेडचं व्हेंडिंग मशीन असतं, खरंच, चोवीस तास चालू, वाटेत दिसलं तर जागा लक्षात ठेवा.

शाकाहारींसाठी: मी मांस-मासे खात नाही आणि हा बदकाचा मुलूख आहे. पानावर भाजी दिसते पण शिजते बदकाच्या चरबीत. ‘पॉम सार्लादेझ’ नावाचे लसूण घातलेले बटाटे सगळीकडे मिळतात, तेही चरबीतलेच. सॅलडवर डुकराच्या मांसाचे तुकडे, ‘लार्दों’, न सांगता पडतात. म्हणून वाक्य पाठ करा: ‘सां व्याँद, सां पुआसों, सां लार्दों, सां ग्रेस द कानार’, म्हणजे मांस, मासे, लार्दों आणि बदकाची चरबी नको. अळंब्यांचं ऑम्लेट, गरम बकरीच्या चीजचं सॅलड, कांद्याचं किंवा भोपळ्याचं सूप (मांसाचा रस्सा घातलाय का विचारून), अक्रोडाचा केक हे मला मिळत गेलं. चीजमध्ये बऱ्याचदा प्राण्याचं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करायला वापरलेला वासराच्या वगैरे पोटातला पदार्थ, असतं, कडक पाळणाऱ्यांनी ते लक्षात घ्या. पाणी विकत घेऊ नका, ‘कराफ द’ओ’ म्हटलं की नळाचं पाणी फुकट येतं आणि उत्तम असतं.

१०. कुठे जायचं, कोणत्या वारी

सार्लाचा बाजार बुधवारी आणि शनिवारी. शनिवारी सकाळी लवकर जा. आदल्या रात्री मुख्य चौकात गाडी लावू नका, ‘बाजाराच्या दिवशी पार्किंग बंद’ अशी छोटी पाटी असते आणि पहाटे गाड्या उचलून नेतात. डिसेंबरमध्ये किंवा त्यानंतर जात असाल तर काओरजवळच्या लालबेंकला मंगळवारी दुपारी ट्रफलचा, म्हणजे जमिनीखाली उगवणाऱ्या महागड्या अळंबीचा, बाजार भरतो, मार्चपर्यंत. बाकांवर ओळीने टोपल्या, त्यात मातकट काळे गड्डे, आणि अख्ख्या रस्त्याला तो वास. विकत नाही घेतलं तरी बघायला जा.

लास्कोच्या आदिमानवाच्या गुहाचित्रांसाठी मोंतिन्याक गावाला जायचं. मूळ गुहा १२ सप्टेंबर १९४० ला चार मुलांना सापडली आणि माणसांच्या श्वासाने चित्रं खराब व्हायला लागली म्हणून १९६३ मध्ये बंद केली. २०१६ पासून जवळजवळ अख्ख्या गुहेची हुबेहूब प्रतिकृती बघता येते, ती छानच आहे. पण अस्सल रंगीत चित्रं बघायची तर ले झेझी गावातली फों-द-गोम ही गुहा, तिथे मोजकीच माणसं आत सोडतात आणि उन्हाळ्यात तिकीट मिळणं मुश्कील, ऑफ-सीझनचा खरा फायदा इथे होतो. आमच्या गटात आठ जण होतो. गाइडने टॉर्च तिरका धरला आणि दगडाच्या फुगवट्यातून बायसनची पाठ वर आली, कोणीच काही बोललं नाही. तिकीट आधी काढा.

मार्केसाकची बाग वर्षभर उघडी असते, धुकं हटायच्या वेळी तिथून दोर्दोन्यचं खोरं बघा. पादिराकची जमिनीखालची नदी हिवाळ्यात बंद असते, तिच्यासाठी दिवस राखून ठेवू नका. रोकामादूरला देवळापर्यंत २१६ पायऱ्या, जुने यात्रेकरू त्या गुडघ्यांवर चढायचे. खालची बाजारपेठ नोव्हेंबरात जवळपास बंद, पण पायऱ्यांवर आम्ही दोघंच होतो, जेजुरीला पहाटे गेलं की जशी शांतता असते तशी.

सोमवारसाठी फिझाक हे गाव ठेवा. इजिप्तची चित्रलिपी उलगडणारा शांपोलियों १७९० मध्ये इथे जन्मला. ज्या रोझेटा शिळेवरून त्याने ती लिपी उलगडली तिची अवाढव्य प्रतिकृती गावातल्या एका चौकाच्या फरशीत घातलीय, तिच्यावरून चालता येतं, आणि चौकाला सोमवारची सुट्टी नसते.

जंगलात पायी फिरणार असाल तर एक सूचना. फेब्रुवारीअखेरपर्यंत शिकारीचा सीझन असतो, रविवारी विशेष. ‘शास आँ कूर’ अशी पाटी दिसली म्हणजे आत शिकार चालू आहे, मागे फिरा. भडक रंगाचं जॅकेट घाला, गाडीतलं पिवळं चालतं.

११. काही झालंच तर

११२ हा सगळ्यासाठीचा नंबर, अँब्युलन्स १५, पोलीस १७, अग्निशमन १८. गाडीला गाडी घासली तर ‘कोंस्ता आमियाब्ल’ नावाचा फॉर्म दोघा ड्रायव्हरांनी मिळून भरायचा असतो, गाडीच्या कागदांत असतो का ते पहिल्याच दिवशी बघा. जे समजलं नाही त्यावर सही करू नका, आधी भाडे कंपनीला फोन करा. फोटो काढा, गाड्या हलवायच्या आधी.

१२. गाडी सोडताना

शेवटच्या दिवशी एक तास जास्तीचा ठेवा. एअरपोर्टच्या अगदी जवळच्या पंपावर टाकी भरून पावती घ्या, गाडीतला कचरा आणि चिखल काढा, पुन्हा तोच व्हिडिओ काढा, यावेळी किलोमीटरचा आणि इंधनाचा काटाही घ्या. किल्ली पेटीत टाकायची असेल तर टाकतानाचा फोटो. परत आल्यावर क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट काही महिने बघत राहा, कारण स्पीड कॅमेऱ्याचा दंड उशिरा येतो आणि त्याआधी भाडे कंपनी नाव-पत्ता कळवल्याचा चार्ज कार्डावर लावते. आम्हाला तो जानेवारीच्या मध्यावर आला, एका गावात ५० च्या जागी ५६ होता. व्हिडिओ आणि पावत्या तोपर्यंत फोनमधून उडवू नका.